शेरा

दादा, तू पाठवलेला तक्ता भरला.
सतरा घरं, बावीस रकाने.
कार्पेट वेगळं, बिल्टअप वेगळं, आणि सुपर बिल्टअप म्हणजे
जिन्यातली हवासुद्धा माझ्या हिश्शाला.
तीन बँकांचे व्याजाचे दर तीन तऱ्हेचे,
त्यातल्या एकीचा माणूस रोज सकाळी
शुभप्रभातचं फूल पाठवतो.

घरातलं सगळ्यांनाच कळतं.
स्टाफरूममध्ये डोंगरेबाई म्हणाल्या,
ईशान्येला संडास? मग राहूच दे.
पारेखसर म्हणाले, दोन वर्षं थांबा, भाव बसतील.
त्यांच्याच बाकावरचे सुर्वेसर म्हणाले,
आज घ्या, उद्या हात पोळतील.
दोघेही भाड्याच्या घरात राहतात.

हसमुखभाई दलाल स्कूटर बंद न करता बोलतो,
"बेन, आजे नहि लो तो काले नहि मळे."
आणि काल गेलेलं घर
आज परत दाखवतो
दुसऱ्या रस्त्याने नेऊन.

रात्री मी फोनवर घरं सरकवते.
बोटाखालून स्वयंपाकघरं जातात एकामागून एक,
ओट्यावर तीच केळ्यांची परडी,
गोत्रीला, माणेजाला, वाघोडिया रोडला.
एकदा वाटलं, घर राहू दे,
ही परडी कुठे मिळते तेवढं विचारावं.

शेवटी तक्त्याने निकाल दिला.
मांजलपूर ७.४२.
समा ७.३९.
तीन शतांश, दादा.
प्रयोगशाळेत मी मुलींना सांगते,
ब्युरेटवर रेघा आहेत त्याहून फार बारीक वाचू नका,
वाचलंत तर ते काचेवरचं नाही,
तुमच्या मनातलं आहे.

म्हणून समाचं पुन्हा पाहायला गेले.
एकटी, हसमुखभाईला न सांगता,
शनिवारी सव्वाचारला.
घोरपड्यांनी शर्टाचं वरचं बटण लावत दार उघडलं.
गुडघे बदललेत त्यांचे,
लिफ्टवाल्या इमारतीत चाललेत.

मी विचारलं, या घरात वाईट काय आहे?

ते बराच वेळ गप्प.
मग घरातल्या आजारी माणसाची तब्येत सांगावी तसे बोलले :
गॅलरीचं दार श्रावणात फुगतं, खांद्याने ढकलायचं.
वरचे त्रिवेदी पहाटे पाचला आलं कुटतात,
रविवारीसुद्धा.
मोरीतला नळ शिट्टी घालतो,
वॉशर बदलू नका, मी नऊ बदलले.
आणि विश्वामित्री.

चला, म्हणाले.
कठडा धरून, एकेक पाय टेकत
मला जिन्यात खाली नेलं.
चौथ्या पायरीशी भिंतीवर खिळ्याने ओढलेली रेघ.
सातवीशी दुसरी, वाकडी.
"ही अंधारात ओढली.
वरच्या पायरीवर रात्रभर बसलो होतो बॅटरी घेऊन,
मगर येते का बघत.
आली नाही. बेडूक आले.
आठवीला पाणी लागलेलं मी पाहिलं नाही.
लागणार नाही असं म्हणत नाही."

वर येताना मी पायऱ्या मोजल्या.
दार एकोणिसावीला.

काल बानाखत झालं.
तू विचारतोस, मांजलपूर का नाही.
मला नीट सांगता येत नाही.
सुपर बिल्टअपमध्ये जिन्याचे पैसे मी मोजलेच आहेत,
तर त्या दोन रेघाही
माझ्याच झाल्या ना?

तुझ्या तक्त्यात सगळ्यात शेवटी एक रकाना आहे, शेरा.
सोळा घरांपुढे तो कोरा.
सतराव्यापुढे कर्सर कितीतरी वेळ लुकलुकत होता.
मग लिहिलं : खिळा.
तुला कळणार नाही, असू दे.

फोनला अजून पत्ता नाही.
काल रात्री अकराला त्याने विचारलं,
अजून घर शोधताय?
मागे ओटा, त्यावर परडी.

खोटं कशाला बोलू,
मी उघडून पाहिलं.